आंदोलन करणारी बॅच पास झाली की पुढे काय?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांना बसमध्ये धड ऐकू येत नाही किंवा ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी खास. बोलताना मी शंभर वेळा "म्हणजे" म्हणालो होतो, ते कापलंय. बाकी मजकूर तोच.

विषय तुमच्याच मेसेजमधून आला. विद्यार्थ्यांच्या आंदोलनांबद्दल काहीही बोललो की दोन ठरलेली उत्तरं येतात. पहिलं उत्तर घरातल्या मोठ्या माणसांचं, जे तुम्ही मला फॉरवर्ड करता: आमच्या काळातली आंदोलनं खरी, तुमची रीलपुरती. दुसरं आपल्याच वयाच्या लोकांचं: रस्त्यावर बसून काय मिळतं, गप अभ्यास करा. मला दोन्ही पटत नाहीत. पण नुसतं पटत नाही म्हणून कसं चालेल? म्हणून आज एकच प्रदेश घेऊ आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या चार पिढ्या एकामागून एक बघू.

प्रदेश मराठवाडा. एक तर मी परभणीचा, हे सगळं कानावर पडतच मोठा झालो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. इथे प्रत्येक पिढीची मागणी वेगळी होती आणि ती पुरी व्हायला लागलेला वेळही वेगळा. त्यामुळे तुलना करता येते.

डोक्यात एकच प्रश्न ठेवा. बीए, बीएस्सी तीन वर्षांचं, बीटेक चार वर्षांचं. विद्यार्थी हा काही कायमचा विद्यार्थी नसतो. मग ज्या मागणीला दहा-पंधरा वर्षं लागतात, ती विद्यार्थी जिंकतात कशी?

पहिली पिढी: १९३८

तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाच जिल्हे. (आज यातली दोन नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत. मी जुन्या काळाबद्दल बोलताना त्या काळची नावं वापरतोय.) पदवी घ्यायची तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जायचं, आणि शिकायचं उर्दूतून. औरंगाबादला फक्त इंटरमीजिएट कॉलेज, आजच्या हिशेबानं अकरावी-बारावीपर्यंतचं.

सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारनं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. त्याच वर्षाच्या शेवटी औरंगाबाद आणि हैदराबादच्या हॉस्टेलमधली मुलं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकलं नाही, संप केला. उस्मानियानं शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं.

आता विचार करा. १९३८ साली गावाकडचा एखादा मुलगा हैदराबादपर्यंत शिकायला गेलाय. घरच्यांनी काय काय विकून पाठवलं असेल. आणि त्याचं नाव एका दिवसात कापलं गेलं. इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण नागपूर विद्यापीठानं या मुलांना प्रवेश दिला. तेव्हा तिथे टी. जे. केदार कुलगुरू होते. संस्थानाच्या हद्दीबाहेर एक दार उघडं राहिलं म्हणून या मुलांचं शिक्षण वाचलं. नागपूरला गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तरुण होता, जो पुढे देशाचा पंतप्रधान झाला.

त्या मुलांना तेव्हा काय मिळालं? तसं बघितलं तर काहीच नाही. वर्ष गेलं, गाव सुटलं. पण त्यातले कितीतरी जण पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९३८ ला अठरा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा अठ्ठावीसचा होता.

दुसरी पिढी: १९७४

पंचवीस वर्षं पुढे येऊ. मराठवाडा आता महाराष्ट्रात आहे. १९७२ चा दुष्काळ पडून गेलाय. कॉलेजं निघालीत, मुलं पदवीधर व्हायला लागलीत, पण नोकरी नाही, धरणाचं पाणी नाही आणि रेल्वे अजून छोट्या रुळावरची, मीटरगेज. परभणीचं कृषी विद्यापीठसुद्धा आंदोलन झाल्यावर, १९७२ मध्ये मिळालं होतं.

१९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. वसमतला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तरुण पोरं गेली. त्यानंतर मराठवाडाभर कॉलेजं बंद पडली. हेच ते मराठवाडा विकास आंदोलन. त्याच हिवाळ्यात शेजारच्या गुजरातमध्ये अहमदाबादच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून मुलं भडकली होती, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथल्या मुख्यमंत्र्यांना, चिमणभाई पटेलांना, राजीनामा द्यावा लागला होता. म्हणजे हवाच तशी होती.

पण मराठवाड्याच्या मागण्या मेसच्या बिलासारख्या नव्हत्या. सिंचन, ब्रॉडगेज, नोकऱ्यांत स्थानिकांना वाटा. यातलं काहीही एका सहीनं होत नाही. आणि मिळालं ते कधी मिळालं बघा. हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ १९८१ मध्ये. मनमाडकडून येणारी ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात. मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये. घोषणा देणारा मुलगा तोवर चाळिशीला आला होता आणि त्याची स्वतःची मुलं शाळेत जात होती.

मग मधली वीस वर्षं या मागण्यांची फाईल कुणी सांभाळली? इथे एक नाव येतं, गोविंदभाई श्रॉफ. १९३८ मध्ये ते औरंगाबादला शिक्षक होते. १९७४ च्या विकास आंदोलनाचे ते नेते होते. पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून आकडेवारी, निवेदनं, बैठका हे सगळं चालू राहिलं. एका पिढीचा माणूस दुसऱ्या पिढीच्या आंदोलनात उभा राहिला, आणि मुलं पास होऊन गेल्यावर कागद धरून बसायला एक संस्था होती. रस्त्यावरचे फोटो आपल्याला दिसतात. निवेदनाचा पाचवा मसुदा टाइप करणारा माणूस कुणाच्याच फोटोत नसतो.

तिसरी पिढी: नामांतर

आता अवघड भाग. इथे विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झालं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला आज ज्याला मिलिंद महाविद्यालय म्हणतात ते कॉलेज सुरू केलं होतं. खेड्यातल्या गरीब, दलित मुलांसाठी तो पदवीकडे जाणारा पहिला रस्ता होता. त्यातून शिकलेली पिढी सत्तरच्या दशकात म्हणायला लागली की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या. दलित पँथरचे गंगाधर गाडे आणि त्यांच्यासारखे तरुण यात पुढे होते.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. झालं ना काम? नाही. ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळेंचा खून त्यातलाच. चार वर्षांपूर्वी विकासाच्या मोर्चात एकत्र असलेली मुलं आता समोरासमोर होती. विकास आंदोलनातले काही ज्येष्ठ नेतेही नामांतराच्या विरोधात होते. "विद्यार्थी म्हणजे नेहमी पुढारलेली बाजू" असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९७८ वाचावं. विद्यार्थी त्याच गावातून, त्याच घरातून, त्याच जातीतून येतात. गेटच्या आत आलं म्हणून हे सगळं आपोआप गळून पडत नाही.

ठराव थंड्या बस्त्यात गेला. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडेंच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेनं लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी नांदेडला आत्मदहन केलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नाव झालं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. जुनं नाव काढलं नाही, नवं जोडलं, म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते.

१९७८ ते १९९४, सोळा वर्षं. बीएच्या पाच बॅच पूर्ण पास होऊन सहावी सुरू. ठराव मंजूर झाला तेव्हा जो एफवायला होता, तो नाव लागलं तेव्हा चौतीस वर्षांचा होता.

आणि मागणीचा खर्च किती? धरण बांधायचं नव्हतं, रूळ टाकायचे नव्हते. पाटी, लेटरहेड, शिक्के, डिग्रीचा कागद. पैशांत मोजलं तर या चारही पिढ्यांतली ही सगळ्यात स्वस्त मागण्यांपैकी एक. आणि तिच्यासाठी सगळ्यात जास्त रक्त सांडलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथी पिढी: आपली

मराठवाड्यातून पुण्यात आलेली मुलं तुम्हाला दोन ठिकाणी भेटतील. माझ्यासारखी हिंजवडीत लॅपटॉपसमोर, आणि नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये. शाळेतले माझे कितीतरी मित्र दुसऱ्या गटात आहेत. एका खोलीत चौघं, एक डबा दोघांत, आणि घरी दर महिन्याला "कधी होणार" हा फोन.

राज्यसेवा पूर्वपरीक्षा २०२० ची. आधी ५ एप्रिल २०२० ला होती. कोविडमुळे पुढे गेली १३ सप्टेंबरला, मग ११ ऑक्टोबरला, मग १४ मार्च २०२१ ला. ११ मार्चला, म्हणजे तीन दिवस आधी, ती पुन्हा पुढे ढकलल्याची बातमी आली. काही तासांत नवी पेठेत शास्त्री रस्ता भरला. कुणी पोस्टर छापलं नव्हतं, कुणी सभा बोलावली नव्हती. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर मेसेज गेला आणि मुलं अभ्यासिकेतून उठून खाली आली. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्री बोलले, दुसऱ्या दिवशी नवी तारीख आली आणि २१ मार्चला परीक्षा झाली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्णनात्मक पॅटर्नवरून पुन्हा बसले. आयोगानं तो पॅटर्न २०२५ पासून लागू करायचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये २५ तारखेला राज्यसेवा आणि बँकेची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली. पुन्हा रस्ता, आणि दोनेक दिवसांत परीक्षा पुढे ढकलली गेली.

म्हणजे तीन आंदोलनं आणि तिन्ही वेळा मागणी मान्य. "रस्त्यावर बसून काय मिळतं" याचं उत्तर इथेच मिळालं. आणि नामांतराला सोळा वर्षं लागली, यांना चोवीस तास, म्हणून हे जास्त हुशार का? तसंही नाही.

वेळ कशावर ठरतो?

मी इंजिनीअर माणूस, त्यामुळे मला यंत्र उघडून बघायची सवय. चारही गोष्टी शेजारी ठेवल्या की दोन प्रश्न दिसतात.

एक: निर्णय कुणाच्या हातात आहे? परीक्षेची तारीख एक आयोग ठरवतो. परिपत्रक निघालं की विषय संपला. ब्रॉडगेजसाठी दिल्ली, मुंबई, बजेट, जमीन असं सगळं लागतं. सह्या जितक्या जास्त, तितकी वर्षं जास्त.

दोन: ही मागणी मान्य झाली तर कुणाचं काय जातं? तारीख बदलली तर कुणाची फार गैरसोय होत नाही. मेसचं बिल कमी झालं तर ठेकेदाराचे पैसे जातात. पण विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं तर गावात शतकानुशतकं वर बसलेल्यांना वाटलं की आपली जागा जातेय. पाटीवरचे शब्द फुकट होते. त्या शब्दांमागची बरोबरी द्यायची तयारी नव्हती.

म्हणून किती लवकर जिंकलात यावरून आंदोलन मोठं की छोटं हे ठरत नाही. उलट, मागणी लगेच मान्य झाली तर एकदा तपासून बघा की आपण सोपा भाग मागितला का. एमपीएससीच्या मुलांचं खरं दुखणं काय आहे? वेळापत्रक वेळेवर पाळलं जावं, रिकाम्या जागांची जाहिरात निघावी, निवड झाल्यावर नेमणूक लवकर मिळावी. तारीख तीनदा मिळाली. हे मात्र दर वर्षी नव्यानं मागावं लागतं.

हँडओव्हर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. विद्यार्थ्यांकडे ताकद असते, वेळ नसतो. समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं. "समिती नेमतो" या वाक्याचा विद्यार्थ्यांच्या भाषेत अर्थ असा की तुमची बॅच जाऊ दे, मग बघू.

माझ्या इंजिनीअरिंग कॉलेजातलंच सांगतो, नाव घेत नाही. सेकंड इयरला असताना हॉस्टेलच्या पाण्यावरून आम्ही दोन दिवस लेक्चर बंद पाडली. कॉलेजनं कबूल केलं की दर महिन्याला टाकी साफ होईल आणि तपासणीत दोन विद्यार्थी असतील. वर्षभर झालं तसं. फायनल इयरचे जे दोघं हे बघायचे ते पास झाले. मी फायनलला गेलो तेव्हा खालच्या वर्गातल्या एकालाही अशी काही तपासणी असते हे माहीत नव्हतं. कुणी नियम रद्द केला नाही. लक्षात ठेवणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

आमच्या कामात कुणी कंपनी सोडताना दोन आठवडे हँडओव्हर चालतो. कुठली फाईल कुठे, कुठला क्लायंट कसा. आंदोलनात ही सोय कोण करतं? आधी काही प्रमाणात विद्यार्थी संघटना आणि कॉलेजच्या निवडणुका करायच्या. त्यात गुंडगिरी होती, मारामाऱ्या होत्या, आणि त्याच कारणानं नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या कायद्यानं गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण निवडणुका लांबणीवरच पडत राहिल्या. गुंडगिरी कमी झाली ते चांगलंच. पण त्याबरोबर सीनियरनं ज्युनियरला "हा विषय अजून बाकी आहे" असं सांगायची जागाही गेली.

ती जागा ग्रुपनं भरली नाही का? अर्धीच. टेलिग्राम ग्रुप तासाभरात हजार मुलं जमवतो, हे १९७४ च्या कुणालाही जमलं नसतं. पण सहा महिन्यांनी त्याच ग्रुपवर जुनं आश्वासन शोधायला जा. वर मीम, खाली क्लासची जाहिरात, ॲडमिननं तर नंबरच बदललाय. गर्दी जमवायचं साधन आपल्याकडे चारही पिढ्यांत सगळ्यात भारी आहे. आठवण ठेवायचं साधन सगळ्यात कच्चं.

आणखी एक फरक मोठ्यांना सांगायला हवा. आज सरकारी नोकरीची तयारी करणारा मुलगा रस्त्यावर बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात एफआयआर असतो. निवड झाली तरी चारित्र्य पडताळणी असते. आणि प्रत्येक चेहरा कुणाच्या तरी मोबाईलमध्ये रेकॉर्ड होतोय. १९३८ च्या मुलांना काढून टाकलं तेव्हा नागपूरनं दार उघडलं. आज ज्याच्यावर गुन्हा दाखल होतो, त्याच्यासाठी दार उघडणारं कोण आहे, हा प्रश्न रीलच्या टोमण्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

मग करायचं काय?

तीन साध्या गोष्टी. आश्वासन मिळालं की ते लेखी घ्या, तारखेसह, आणि त्याची प्रत किमान तीन जणांकडे ठेवा. त्यातला एक तुमच्यापेक्षा दोन वर्षं ज्युनियर असू दे. दुसरं, दिलेल्या मुदतीनंतर माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. दहा रुपयांचं काम आहे, पण विषय जिवंत राहतो. तिसरं, पास झाल्यावरही एक विषय धरून ठेवा. सगळे नको, एकच. नोकरी लागलेल्या माणसाला वेळ कमी असतो हे मला माहीत आहे. पण त्याच्याकडे पगार असतो, आणि वकिलाची पहिली फी किंवा झेरॉक्सचं बिल भरायला तो पुरतो. दार उघडं ठेवणं म्हणजे हेच.

आणि या आठवड्याचं काम. तुमच्या घरात, शेजारात १९७४ किंवा १९७८ ला कॉलेजात असलेलं कुणीतरी असेलच. आजोबा, मावशी, जुने सर. त्यांना "तुम्ही मोर्च्यात काय काय केलं" हे विचारू नका, ते तर ते न विचारता सांगतातच. विचारा की तुम्ही कॉलेज सोडल्यावर ते काम कुणी पुढे नेलं? नामांतराबद्दल विचाराल तर कुठल्या बाजूला होता हेही विचारा, आणि उत्तर शांतपणे ऐका. दोन मिनिटांची व्हॉइस नोट करून त्यांच्या परवानगीनं मला पाठवा. नावं नको असतील तर काढून टाकतो. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवणार आहे, आणि मूळ रेकॉर्डिंगची प्रत आपल्यातल्या दोन ज्युनियर श्रोत्यांकडेही ठेवणार आहे.